गल्लीचा नंबरांचा कागद कसा करायचा

सांगलीच्या गावभागात माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आमच्या गल्लीतल्या ४३ घरांसाठी एक कागद काढते. ए-फोर, पाठपोट छापलेला, लॅमिनेट केलेला, वर दोरी ओवायला भोक पाडलेलं. अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा, एवढंच त्यावर असतं. दुसऱ्या गल्ल्यांतली माणसं दुकानात येऊन "ताई, आम्हालाही तसला कागद द्या की" म्हणतात. आमचा कागद त्यांच्या कामाचा नाही, त्यांचा त्यांनीच करायला हवा. तो कसा करायचा, ते सगळं इथं लिहिते.

सुरुवात एका चुकीच्या नंबरामुळं झाली. समोरच्या आजोबांच्या छातीत रात्री अडीच वाजता दुखायला लागलं. जिन्यात एका खासगी ॲम्ब्युलन्सचं स्टिकर चिकटवलेलं होतं. सुनेनं तो नंबर तीनदा लावला आणि तिन्ही वेळा जयसिंगपूरच्या कुणा माणसानं झोपेतून उठून सांगितलं, "ताई, हा नंबर माझ्याकडं येऊन दोन वर्षं झाली." शेवटी मागच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याला उठवलं. आजोबा वाचले. पण स्टिकर नसतंच, तर त्या पोरीनं सरळ १०८ लावला असता. चुकीचा नंबर भिंतीवर असण्यापेक्षा भिंत कोरी असलेली परवडली, हे मला त्या रात्री कळलं. तेव्हापासून नियम एकच: स्वतः लावून, पलीकडच्या माणसाशी बोलून झाल्याशिवाय कुठलाही नंबर कागदावर चढवायचा नाही. याला अपवाद ११२, १०१ आणि १०८. हे कधीही 'चेक करायला' म्हणून लावू नका. तुम्ही ती लाइन अडवता तेव्हा कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो.

पत्ता आधी, नंबर नंतर

कागदाच्या अगदी वर, चौकटीत, जाड अक्षरात मी नंबर छापत नाही. तिथं पत्ता असतो, आणि तोही फोनवर वाचून दाखवायच्या भाषेत. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

१०८ चा फोन सांगलीत कुणी उचलत नाही, त्याचा नियंत्रण कक्ष पुण्याला आहे. तिथल्या माणसाला "मारुती चौकातनं आत या" सांगून काय कळणार? म्हणून क्रम असा ठेवायचा: जिल्हा सांगली, तालुका मिरज, शहर सांगली, भाग गावभाग, मग चौक, मग जवळची ठळक खूण. तालुक्याचा घोळ आमच्याकडं हमखास होतो. सांगली शहर मिरज तालुक्यात येतं, पण लोक घाईत "तालुका सांगली" सांगतात आणि पुढचं अर्धं मिनिट त्यातच जातं. तुमच्या गावाचा असा काही घोळ असेल तर तो आधीच निस्तरून कागदावर लिहा. खूण म्हणून दुकानाची पाटी देऊ नका, दुकानं बदलतात. देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, पूल असलं काहीतरी द्या.

पत्त्याखाली दुसरी ओळ: "गाडी इथपर्यंत येईल." आमची गल्ली अरुंद आहे, ॲम्ब्युलन्स आत शिरत नाही. ती पिंपळापाशी थांबते, तिथून पेशंटला उचलून न्यावं लागतं. स्ट्रेचर जुन्या वाड्यांच्या जिन्यात वळत नाही. हात असलेली मजबूत खुर्ची लागते. पेशंटला खुर्चीत बसवायचं, चादरीनं कमरेला बांधायचं आणि दोघांनी पुढून-मागून धरून उतरवायचं. अशी खुर्ची कुणाच्या घरी आहे, ते कागदावर लिहिलेलं आहे. एकानं टॉर्च घेऊन पिंपळापाशी उभं राहायचं, हेही लिहिलेलं आहे.

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे, आणि गाडीत डॉक्टर असतो. फोनवर विचारतात ते असं: काय झालंय, वय किती, शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का, पत्ता काय. मग गाडीवरचा माणूस तुम्हाला उलटा फोन करतो. म्हणून ज्या मोबाइलवरून १०८ लावला तो मोकळाच ठेवायचा. त्यावरून मुंबईच्या मुलाला कळवत बसायचं नाही, मुलाला दुसऱ्या फोनवरून कळवा. ११२ वर पोलीस, आग, ॲम्ब्युलन्स सगळंच मिळतं. दोनच नंबर लक्षात राहत असतील तर १०८ आणि ११२ राहू द्या. आगीसाठी १०१ वेगळा आहेच.

बिलं समोर घेऊन बसा

नंबर गोळा करायला इंटरनेटवर शोधाशोध करू नका. घरातली बिलं, पुस्तकं, बँकेचं पासबुक, एटीएम कार्ड असं सगळं टेबलावर मांडा आणि त्यावर छापलेलेच नंबर उतरवा. का, ते सांगते. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी गॅस बुकिंगची तक्रार करायला मोबाइलवर 'कस्टमर केअर' शोधलं. पहिलाच जो नंबर आला तो भामट्याचा निघाला. त्यानं एक ॲप घ्यायला लावलं आणि बोलता बोलता ३८ हजार रुपये गेले. गुरुजी दुसऱ्या दिवशी दुकानात बँकेच्या स्टेटमेंटची प्रिंट काढायला आले तेव्हा मला कळलं. तोवर चोवीस तास होऊन गेले होते. अशा वेळी त्याच क्षणी १९३० लावायचा. तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत ते गोठवता आले तर येतात, म्हणून एकेक मिनिट महत्त्वाचं. फोन करताना हाताशी ठेवायचं: व्यवहाराचा क्रमांक (यूपीआयचा १२ अंकी असतो), रक्कम, वेळ, आपली बँक. गुरुजी लाजेनं रात्रभर कुणाला बोलले नव्हते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे वाक्य मी मुद्दाम आमच्या कागदावर १९३० च्या पुढं छापते.

विजेसाठी महावितरणचे १९१२ आणि १९१२०, शिवाय १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे मोफत नंबर आहेत. त्यांच्याकडं तुमचा १२ अंकी ग्राहक क्रमांक लागतो. म्हणून प्रत्येक कागदावर मी मोकळी चौकट सोडते आणि लॅमिनेट करायच्या आधी त्या त्या घराचा ग्राहक क्रमांक पेनानं भरून घेते. अंधारात बिल शोधायची वेळ येत नाही. गल्ली कुठल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे आणि डीपीवर काही क्रमांक रंगवलेला असेल तर तो काय, हेही लिहा. नुसतं "लाइट गेलीय" म्हणण्यापेक्षा "अमक्या डीपीवरची सगळी गल्ली बंद आहे" म्हटलं की वायरमनला घरोघर हिंडावं लागत नाही. तार तुटून पडली असेल तर तेच पहिलं वाक्य असू दे, ग्राहक क्रमांक नंतर.

गॅसची गळती झाली तर १९०६, चोवीस तास. पण फोनच्या आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, आणि दिव्याचं कुठलंही बटण चालू नाही की बंद नाही. फोनसुद्धा घराबाहेर जाऊन लावायचा. हे चार शब्द नंबराच्या शेजारीच छापलेले हवेत, नाहीतर नंबर असूनही स्वयंपाकघरातच उभं राहून फोन होतो.

महापालिका, पोलीस चौकी, सरकारी दवाखाना यांचे नंबर बरेचदा लँडलाइनचे असतात. तिथं ०२३३ आधी लावल्याशिवाय मोबाइलवरून फोन लागत नाही. ही बारीक गोष्ट आहे, पण नंबर 'बंद आहे' म्हणणाऱ्या दहापैकी निम्म्यांनी कोड लावलेला नसतो. कोडसकट लिहा. कार्यालयाचा नंबर तपासताना दोन प्रश्न विचारून ठेवा: फोन किती ते किती वाजेपर्यंत उचलला जातो, आणि सुट्टीच्या दिवशी कुणाला सांगायचं. आणि तक्रार कुठलीही असो, तक्रार क्रमांक मागून घ्या. आमच्या कागदाच्या तळाशी चार रेघा कोऱ्या असतात. तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक मार्करनं तिथंच लिहायचा. काम झालं की लॅमिनेशनवरून पुसता येतो.

माणसांचे नंबर

खरं तर गल्ली चालते ती या नंबरांवर. पाणी सोडणारे काका, ड्रेनेजच्या चेंबरचं बघणारा मुकादम, घंटागाडीचा ड्रायव्हर, प्लंबर, वायरमन, घरी येऊन इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर, रात्री-अपरात्री येणारा रिक्षावाला, रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं मेडिकल.

यांना न विचारता नंबर छापू नका. मी प्रत्येकाला समोर भेटून विचारते: "तुमचा नंबर ४३ घरांत जाणार आहे, चालेल का? कधी फोन केलेला चालेल?" पाणी सोडणारे काका म्हणाले, "ताई, द्या, पण पहाटे पाच ते सात नको. तेव्हा मी वॉल्व्हवर असतो, हात ओले, फोन कुठला उचलायचा?" त्यांच्या नंबरापुढं तेच लिहिलंय: सकाळी सातनंतर. त्यामुळं काकांना उगाच फोन जात नाहीत, आणि गेलेला फोन ते उचलतात. सिस्टरांनी सांगितलं की त्यांचा नंबर फक्त बायकांकडं असू दे. मग तो छापलाच नाही. तीन घरांत तो हातानं लिहून दिला आहे, आणि कागदावर "इंजेक्शनसाठी या तीन घरी विचारा" एवढंच. बाईमाणसाचा नंबर जिन्यात, बोर्डावर कधीच लावायचा नाही, कितीही ओळखीची असली तरी.

प्रत्येक कामासाठी दोन माणसं घ्या. प्लंबर गावी गेला की नळ थांबत नाही. ज्यानं गल्लीतल्या निदान दोन घरांत काम केलंय त्याचंच नाव घ्यायचं. दर मात्र लिहू नका. दर बदलले की कागदाकडं बोट दाखवून भांडणं होतात, आणि ते त्या कारागिरावरही अन्यायाचं आहे.

काही नंबर वर्षभर कुणाला लागत नाहीत, तरी मी ते काढत नाही. मुलांसाठी १०९८. अडचणीतल्या बाईसाठी १८१. ज्येष्ठांसाठी १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. पेन्शन अडली, मुलं त्रास देतात, एकटं वाटतं, कशासाठीही. मन फार खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. हे चार मी छोट्या अक्षरात, मागच्या बाजूला, बाकीच्या गर्दीत छापते. ज्याला तो नंबर हवा आहे त्याला घरातल्यांच्या समोर तो उतरवून घेता येत नाही. तो रोज भिंतीवर दिसत असला की पुरे.

पुराचं पान

आमच्या कागदाची मागची बाजू जवळजवळ सगळी पुराची आहे. सांगलीत राहायचं तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजतात त्या पाण्याच्या पातळीचे दोन आकडे पाठ हवेत: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २००५ बघितला, मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा आलंच. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांना तर पाणी ४० फुटांवर जायच्या आधीच सामान बांधावं लागतं.

पेपरात सगळ्या शहराची पातळी येते. आपल्या गल्लीचं काय, ते आपणच लिहायचं. आम्ही जुन्या माणसांना बसवून विचारलं: आयर्विनला किती फूट झालं की पिंपळापाशी पाणी येतं? किती झालं की बोळ बंद होतो? किती झालं की माझ्या दुकानाची पायरी बुडते? २०१९ च्या खुणा भिंतींवर होत्याच, त्यावर ऑइलपेंटनं रेघा मारून घेतल्या. आता कागदावर "आयर्विनला इतके फूट: म्हाताऱ्या माणसांनी निघायचं", "इतके फूट: गाड्या वर न्यायच्या", "इतके फूट: मेन स्विच बंद, सगळ्यांनी निघायचं" असा तक्ता आहे. तुमच्या गल्लीचे आकडे वेगळे निघतील, शेजारच्या गल्लीचे उतरवून घेऊ नका. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ हाताशी असतो, तो "बघू, चढतंय का" म्हणण्यात घालवायचा नाही.

नंबरांत १०७७, म्हणजे जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, आणि महापालिकेचा पावसाळ्यातला कक्ष. तो दरवर्षी जूनमध्ये नव्यानं विचारून घ्यायचा, मागच्या वर्षीचा धरायचा नाही. बोट मागायला फोन केला तर सांगायचं: किती माणसं, त्यांत चालता न येणारी किती, लहान मुलं किती, कितव्या मजल्यावर, आणि घराला पांढरी चादर बांधली आहे की काय खूण आहे. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली, तेव्हापासून बोटीत पहिल्या खेपेला कोण, दुसऱ्या खेपेला कोण, याची यादी आम्ही आधीच करतो. पाणी दारात आल्यावर ही यादी कुणालाच करता येत नाही, सगळेच हात पुढं करतात.

ही यादी मात्र भिंतीवर नसते. कोण डायलिसिसवर आहे, कुणाला ऑक्सिजन लागतो, कोण गरोदर आहे, कुठल्या घरात म्हातारा-म्हातारी एकटीच आहेत, हे तीनच माणसांकडं लिहून असतं, त्यातली एक मी. डायलिसिसच्या पेशंटला रस्ते बंद व्हायच्या आत विश्रामबागला किंवा मिरजेला पाहुण्यांकडं पोचवायचं. ते पाहुणे कोण, त्यांचा फोन काय, हे त्या यादीत आहे.

पाणी ओसरलं की साप निघतात. वनखात्याचा १९२६ हा मदतीचा नंबर आहे, शिवाय आपल्या भागातले दोन सर्पमित्र कागदावर हवेत. चावला तर मात्र सर्पमित्र नाही, १०८. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, हलवायचं कमी, आणि सरळ सरकारी रुग्णालय.

पुरात दोन दिवस वीज गेली की मोबाइल बंद पडतात. तेव्हा सगळ्यांना कळतं कागद कशाला हवा. आमच्या घरी मुलांनी माझा आणि मामाचा असे दोन नंबर पाठ केलेत. मी अधूनमधून म्हणून घेते, पाढ्यासारखे.

जे कुणी विचारत नाही

घरी कुणी गेलं तर काय करायचं, हे कागदावर असावं की नाही यावर गल्लीत बराच वाद झाला. शेवटी आम्ही ते पाठीमागं खाली छापलं, आणि त्याचा उपयोग झालाय. घरी मृत्यू झाला तर आधी नेहमीच्या डॉक्टरांना बोलवायचं, ते मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात. नमुना ४-अ म्हणतात त्याला. अपघात असेल, संशयास्पद काही असेल, तर कशालाही हात न लावता पोलिसांना कळवायचं. कागदावर घरी येणाऱ्या दोन डॉक्टरांची नावं, शववाहिकेचा नंबर आणि स्मशानभूमीतल्या कार्यालयाचा नंबर हवा. पुरात आमच्या अमरधाम स्मशानभूमीत पाणी शिरतं, तेव्हा कुठं न्यायचं हेही महापालिकेला आधी विचारून ठेवा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. आणि दुकानात बसून रोज दिसतं ते सांगते: दाखल्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का, ते नोंद करतानाच बघा. 'गंगुबाई' आणि 'गंगूबाई' एवढ्या फरकापायी बँकेत, पोस्टात आणि पुन्हा महापालिकेत हेलपाटे घालणारी माणसं माझ्याकडं आठवड्याला एक तरी येतात. मूळ दाखल्याच्या एकापेक्षा जास्त प्रती तेव्हाच मागून घ्या.

छापताना

रंगीत इंकजेटवर छापू नका. उन्हात आणि दमट हवेत वर्षाच्या आत लाल अक्षर उडतं, आणि नेमकं लालच महत्त्वाचं असतं. काळा लेझर प्रिंट काढा, १०८ आणि ११२ बोटभर उंचीचे, बाकीचं चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. छापून झालं की सत्तरीच्या माणसाला हातभर लांबून वाचायला द्या. अडखळले तर अक्षर वाढवा आणि मजकूर कापा. लॅमिनेशनला १२५ मायक्रॉनचा पाउच घ्या, आणि कडेला बोटभर प्लास्टिक मोकळं सोडा. कागद कडेला उघडा राहिला तर तिथून पाणी आत जातं. भोक त्या मोकळ्या प्लास्टिकमधूनच पाडा. टांगायचा तो दाराच्या आतल्या बाजूला. शेगडीजवळ नको, देवघराच्या दिव्याजवळ नको. मोबाइलमध्ये फोटो ठेवायचा तर ठेवा, पण भिंतीवरचा काढू नका.

तळाशी उजवीकडं तारीख. तपासणाऱ्याचं नाव. आमच्याकडं मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी चार मुलं-मुली आमच्या कट्ट्यावर बसतात, प्रत्येकाला दहा-बारा नंबर वाटून दिलेले असतात. लागला, बोलणं झालं: बरोबरची खूण. लागला, पण दुसऱ्यानं उचलला: फुली. नुसता वाजला: संध्याकाळी पुन्हा. यंदा ५१ पैकी नऊ नंबर बदललेले निघाले. एका वर्षात नऊ.

नवे कागद वाटताना घरोघर मी स्वतः जाते आणि जुना परत घेते. जुना हातात आल्याशिवाय नवा देत नाही. कुणी "राहू दे ओ, मागच्या खोलीत लावते तो" म्हणालं तरी नाही. ते ४३ जुने कागद दुकानात आणून, कात्रीनं मधोमध कापून टाकते.